फी भरण्याआधी हे वाचा: पदवीशिवाय सॉफ्टवेअरच्या नोकरीपर्यंतची ठाणे-नवी मुंबईतली वाट

"ताई, आज रात्री बाराच्या आत कोडिंगच्या क्लासची फी भरली तर चाळीस टक्के सूट आहे म्हणतात. भरू का?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला असा फोन येतो. कधी कळव्याहून, कधी दिव्याहून, कधी घणसोलीहून. बारावी झालेली, डिप्लोमा अर्धवट सुटलेली, नाहीतर घरची कमाई अचानक थांबली म्हणून एफवायनंतर कॉलेज सोडलेली मुलं-मुली असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आज भरू नकोस. ती सूट उद्याही असते आणि परवाही असते.

मी स्वतः बारावी सायन्सनंतर कॉलेज सोडलं. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते, तो बंद पडला. मग मी सहा महिन्यांच्या बूटकॅम्पला (काही महिन्यांत प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या खासगी कोर्सला) नाव घातलं, त्यात पैसेही गमावले, आणि आज त्याच पट्ट्यात, रबाळ्याला, एका कंपनीत बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागच्या सर्व्हरवरच्या कोडचं काम करते. त्यामुळे पदवीशिवाय हे जमतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त जाहिरातीत दाखवतात त्या क्रमाने ते होत नाही. आधी फुकट शिकायचं, मग दुसऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी बनवायचं, आणि एवढं करूनही गरज उरली तरच फी भरायची. पुढे थोडं मागेपुढे होईल, पण क्रम हाच धरा.

कोणती दारं उघडी आहेत

सकाळी ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की ऐरोली-रबाळ्याला गळ्यात आयकार्ड घातलेल्यांनी निम्मी गाडी रिकामी होते. ऐरोलीच्या माइंडस्पेस या आयटी पार्ककडे बोट दाखवून आईवडील म्हणतात, "तिथे लागायला हवं." पण पदवी नसलेल्या नवख्यासाठी नेमकं तेच दार सगळ्यात घट्ट बंद असतं. मोठ्या सर्व्हिस कंपन्या (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या) नवी मुलं बहुतेक कॉलेजच्या कॅम्पसमधून उचलतात. अर्जाच्या फॉर्मवर पदवीची आणि बऱ्याचदा दहावीपासून ६० टक्क्यांची अट असते. ती अट संगणकच तपासतो, त्यामुळे तुमचं काम माणसाच्या नजरेपर्यंत पोचतही नाही. तिथे शंभर अर्ज टाकून निराश झालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दोष त्यांचा नसतो.

उघडी दारं लहान असतात. वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांत चालणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या कंपन्या, महाप्याचं मिलेनियम बिझनेस पार्क, वाशी आणि बेलापूर स्टेशनांच्या इमारतींमधली ऑफिसं. तिथे मालक किंवा टीम लीड स्वतः मुलाखत घेतो. त्याला सोमवारपासून हाताखाली काम करणारं माणूस हवं असतं आणि तुमची मार्कशीट तो शेवटी बघतो. मोठ्यांमध्येही अपवाद आहेत. चेन्नईची झोहो ही कंपनी गेली दोन दशकं बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत शिकवून कामाला घेते, आणि एचसीएलचा टेकबी हा कार्यक्रम बारावीनंतर लगेच निघणाऱ्यांसाठी आहे. बारावीला अजून वर्ष असेल तर या दोन्हींच्या अटी आत्ताच वाचून ठेवा.

पहिले तीन महिने, फुकट

लॅपटॉप नवा घेऊ नका. जुना, कंपनीने वापरून काढलेला, आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला पुरतो. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. दोन दिवस चिडचिड होईल, पण पुढे सर्व्हरवर काम करताना तेच वातावरण ओळखीचं निघतं.

शिकायला काय वापरायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. फ्रीकोडकॅम्प ही २०१४ साली सुरू झालेली ना-नफा संस्था आहे. तिचे धडे ब्राउझरमध्येच सोडवता येतात, म्हणून पहिला महिना तिथे काढा: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपानं बनवायच्या भाषांची ओळख. दुसऱ्या महिन्यापासून ओडिन प्रोजेक्ट या वेबसाइटवरच्या कोर्सवर जा. तोही फुकट आहे, पण तिथे कुणी हात धरत नाही. स्वतःच्या मशीनवर सगळं उभं करावं लागतं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकावं लागतं, आणि खरं शिकणं तिथूनच सुरू होतं. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स उत्तम आहे, पण स्क्रॅच या ठोकळे जोडून शिकायच्या सोप्या भाषेनंतर तो थेट सी भाषेत नेतो. तीन महिने झाल्यावर घ्या, नाहीतर मध्येच सुटेल.

इंग्रजीमुळे अडत असेल तर लाजू नका. आपल्या ऐरोली पुलापलीकडे, पवईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प चालवला आहे. त्यात लिनक्स, सी, जावा असे विषय छोट्या छोट्या ध्वनिचित्रफितींत आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतून ऐकायला मिळतात. संकल्पना मराठीत समजून घ्या, मग तीच गोष्ट इंग्रजी डॉक्युमेंटेशनमध्ये वाचा. मी असंच केलं. व्हेरिएबल म्हणजे काय हे मला आईच्या मसाल्याच्या डब्यावरून कळलं: वाटी तीच, त्यावरचं नाव तेच, आतला मसाला बदलतो.

घरात वन रूम किचन आणि पाच माणसं असतील तर रोजचे दोन तास शांतपणे मिळत नाहीत. महापालिकेच्या अभ्यासिकांमध्ये चौकशी करा. लॅपटॉप चालतो का आणि प्लगपॉइंट आहे का, एवढंच आधी विचारून घ्या.

तीन महिन्यांनी एक परीक्षा स्वतःच घ्यायची. कोरी फाइल उघडा, कुठलाही व्हिडिओ किंवा एआय न उघडता एक साधं पान बनवा, ज्यात खर्च टाकता येतो, पुसता येतो आणि बेरीज दिसते. अडखळत का होईना, दोन दिवसांत जमलं तर तुम्ही या कामासाठी आहात. अजिबात बसवत नसेल, कंटाळा येत असेल, तर एक रुपयाही न गमावता तुम्हाला ते कळलं.

एआयबद्दल थोडं. आज ही साधनं मिनिटात कोड लिहून देतात आणि कामावर आम्हीही ती वापरतो. पण शिकताना आधी अर्धा तास स्वतः झगडा, मग विचारा, आणि मिळालेल्या उत्तरातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते वहीत मराठीत लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो.

बूटकॅम्प घ्यायचाच असेल तर

बूटकॅम्पची कल्पना २०१२ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत रुजली. डेव्ह बूटकॅम्प हा तिथल्या पहिल्यांपैकी एक, तो २०१७ मध्ये बंदही झाला. तिकडे अशा वर्गांना येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे आधीच कुठली तरी पदवी होती, फक्त क्षेत्र बदलायचं होतं. आपल्याकडे तोच साचा बारावी झालेल्या मुलांना विकला जातो, आणि जाहिरातीतल्या यशस्वी चेहऱ्यांमध्ये इंजिनिअर किती होते हे कुणी सांगत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: "गेल्या बॅचमध्ये पदवी नसलेले किती होते, आणि त्यांतल्या किती जणांना डेव्हलपरची नोकरी लागली?" उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवून द्या.

दुसरं, प्लेसमेंटच्या अटींचा कागद मागून घ्या आणि घरी बसून वाचा. "हमी" मोठ्या अक्षरात असते आणि आत लिहिलेलं असतं की प्लेसमेंटला बसायला पदवी लागेल, हजेरी अमुक टक्के लागेल, एकदा ऑफर नाकारली की हमी संपली. कॉल सेंटरची नोकरीही "प्लेसमेंट" धरली जाते का, हेही विचारा. माजी विद्यार्थी त्यांनी दिलेले नकोत, लिंक्डइनवर स्वतः शोधा आणि पाच जणांशी बोला. मुलं खरं सांगतात.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझं इथेच चुकलं. ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका संस्थेत मला "फी हप्त्याने भरा, व्याज नाही" असं सांगितलं. समुपदेशक बाईंनी टॅब पुढे केला, आधार आणि पॅन मागितलं, ओटीपी विचारला. मी हप्ते संस्थेलाच भरणार असं समजत होते. प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेने माझ्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम त्याच आठवड्यात संस्थेला दिली होती आणि माझ्या खात्यावर दरमहा आपोआप वळता होणारा हप्ता चढला होता. तिसऱ्या महिन्यात शिकवणारे सर सोडून गेले, त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले. मी जायचं थांबवलं, पण हप्ता थांबला नाही. दोन हप्ते चुकले आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो आकडा, पडला. पुढे बाबांच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढायला गेले तेव्हा बँकेतल्या माणसाने स्क्रीन वळवून तो आकडा मला दाखवला.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. ज्या क्षणी पॅन आणि ओटीपी मागतात, त्या क्षणी विचारा, "हे कर्ज आहे का? कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव काय?" रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम घातले. त्यानुसार करार होण्याआधी तुम्हाला की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद मिळायलाच हवा, आणि त्यात वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो. शिवाय कूलिंग-ऑफचा ठरावीक काळ असतो. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज-शुल्क भरून, दंड न देता, कर्जातून बाहेर पडता येतं. मला हे माहीत असतं तर!

"नोकरी लागल्यावर फी द्या" हा प्रकार वरकरणी बरा वाटतो आणि काही जणांना खरोखर उपयोगी पडतो. पण करारात चार गोष्टी शोधा: पगार किती झाल्यावर कपात सुरू होते, किती महिने चालते, एकूण कमाल रक्कम किती, आणि कोर्स मध्येच सोडला तर किती भरायचे. चारपैकी एक जरी सापडली नाही तरी सही करू नका.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. खात्रीच्या निवडीचे, नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला त्यात मनाई आहे, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. व्हॉट्सॲपवरची आश्वासनं, पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

मग बूटकॅम्पचा उपयोग काय? रोज तुमचा कोड वाचून चुका दाखवणारा माणूस, आणि सोबत धडपडणारे दहा-बारा जण. एवढंच, पण ते मोलाचं आहे. माझ्या वर्गातल्या चौघी अजून माझ्या संपर्कात आहेत, आणि माझी पहिली नोकरी त्यांच्यातल्याच एकीच्या ओळखीने लागली. डेमो क्लासला गेलात की एकच बघा: शिकवणारा मुलांचा कोड वाचतो का.

एक गोष्ट बनवा, जी कुणीतरी खरंच वापरेल

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायला ठेवलेल्या आपल्या कामांत, हवामानाचं ॲप आणि कामांची यादी सगळ्यांचीच असते. मुलाखत घेणारा ते बघून पुढे जातो.

कोपरखैरण्याचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याचे वडील वाशीच्या एपीएमसीत माथाडी. मी त्याला विचारलं, बाजारात सगळ्यात जास्त कागद कशाचा फाडतात? म्हणाला, हिशेब पट्टीचा. शेतकऱ्याचा माल विकला की व्यापारी त्याला पट्टी देतो: किती डाग (पोती-पेट्या), किती वजन, काय भाव, आणि त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा जाऊन हातात किती. त्याने वडिलांच्या ओळखीच्या एका गाळ्यावर दोन रविवार बसून पट्ट्या बघितल्या आणि मोबाइलवर पट्टी बनवणारं पान तयार केलं.

पहिल्याच दिवशी मेहताजींनी, म्हणजे गाळ्यावरच्या हिशेबनिसांनी, चूक काढली. काही बेरजांमध्ये दशांशचिन्हानंतर लांबलचक शेपूट येत होतं. मुलगा घाबरून माझ्याकडे आला. संगणक अपूर्णांक १/२, १/४, १/८ अशा दोनाच्या घातांच्या बेरजेत साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये नेमकी ०.३ येत नाही, पार शेवटी एक ४ उगवतो. उपाय जुना आहे: पैशाचा हिशेब रुपयांत ठेवायचा नाही, सगळं पैशांच्या पूर्णांकात ठेवायचं आणि दाखवताना शंभराने भागायचं. त्याने रात्री बसून सगळं बदललं. पुढे महाप्याच्या एका मुलाखतीत त्याने हीच गोष्ट सांगितली. समोरचे गृहस्थ हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणारे होते. पदवीचा विषय निघाला तो थेट ऑफर देताना, फॉर्मवरची जागा भरण्यापुरता.

तुमच्या आजूबाजूला असं काय आहे ते शोधा. सोसायटीचं मेंटेनन्स, भिशीचा हिशेब, बचत गटाची वही, मेसचे डबे. ते गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेवा, कुठेतरी चालतं करून लिंक द्या, आणि काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं ते सोबत चार परिच्छेदांत लिहा. डेटाबेस (माहितीचा साठा) आणि एसक्यूएल (त्यातून माहिती काढायची भाषा) या कामातच शिका. लहान कंपन्यांत तेच सगळ्यात जास्त लागतं, आणि बूटकॅम्पवाले तेच सगळ्यात घाईत उरकतात.

मुलाखत

"ही स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) उलटी करून दाखवा" हा घासून गुळगुळीत झालेला प्रश्न. सगळेजण इंग्रजी शब्द उलटा करतात. तुम्ही घरी "ठाणे" उलटा करून बघा. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण पायथॉन किंवा जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर उत्तर ४ येतं: ठ, काना, ण आणि एक मात्रा. साध्या पद्धतीने उलटलं की "णेठा" येत नाही. मात्रा एकटीच पुढे लटकते, ठ चा काना ण ला चिकटतो. असं का होतं, युनिकोड काय आहे आणि दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तोडायचं कसं, हे शोधण्यात एक संध्याकाळ घालवा. असा एक तरी विषय खोलवर माहीत असला की बोलताना आवाज कापत नाही.

इंग्रजी अस्खलित नसलं तरी चालतं, पण आपल्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं न थांबता बोलता यायला हवं. मोबाइलवर रेकॉर्ड करून दहा वेळा ऐका.

अर्ज आणि सापळे

रेझ्युमेवर प्रोजेक्ट वर, शिक्षण खाली. जे आहे तेच लिहा. आठवड्याला दहा अर्ज, प्रत्येकाबरोबर त्या कंपनीचं उत्पादन वापरून बघून लिहिलेल्या दोन ओळी. पहिलं पद टेस्टिंगचं किंवा सपोर्टचं मिळालं तरी घ्या, जर तिथे कोड जवळून बघायला मिळत असेल. २०२२ नंतर नवख्यांची भरती आखडली आहे, तेव्हा सहा-आठ महिने लागतील असं घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मधल्या काळात अर्धवेळ काम करावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. मी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसायचे.

खोटा अनुभव विकणारे लोक भेटतील. पैसे घेऊन दोन वर्षांचं अनुभवपत्र देतात. कंपन्या पडताळणी करतात, पीएफच्या यूएएनवरून (कायम राहणाऱ्या खातेक्रमांकावरून) तुम्ही कुठे किती काम केलं ते उघडं पडतं, आणि मग लागलेली नोकरी जाते. ऑफर लेटरसाठी पैसे मागणारी कंपनी ही कंपनी नसते. बॉण्ड (ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार) असेल तर रक्कम आणि मुदत वाचा, आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.

पदवीचं काय

घ्या, पण नोकरी लागल्यावर, पगारातून. दोन-तीन वर्षांच्या अनुभवाने मोठ्या कंपन्यांची बरीच दारं किलकिली होतात, तरी बढती, परदेशी व्हिसा, सरकारी भरती इथे कागद आडवा येतोच. अमेरिकेत नोकरी करण्यासाठीच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव सिद्ध करावा लागतो. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीसीए (संगणकाची पदवी) बारावीनंतर दूरस्थ करता येतं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आणि आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस अभ्यासक्रम २०२० पासून ऑनलाइन चालतो. त्याला जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, आणि मध्येच थांबावं लागलं तरी पूर्ण केलेल्या टप्प्याचं प्रमाणपत्र हातात राहतं. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायच्या असतात.

मी सध्या तोच करतेय. लेक्चर डाउनलोड करून ठेवते आणि गाडीत ऐकते. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर. रबाळ्यापर्यंत एक लेक्चर होतं, आणि परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर त्याचीच गणितं.